उकंडरावमधला अनुस्वार

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार. सकाळी ६ वाजून ५२ मिनिटे.

अंगणात दात घासत होतो. घंटागाडी आली. आजपासून तिच्या भोंग्यावर नवीन गाणे आहे. ते असे:

उंकडराव, उंकडराव,
घाण केलं सारं गाव,
सांगा आता तुमचं नाव!

ब्रश तोंडातच राहिला. फेस गिळला गेला.

या वहीत हे एकदाच लिहितो, पुन्हा लिहिणार नाही. माझे नाव उकंडा आहे. माझ्याआधी दोन भाऊ झाले, दोघेही पाळण्यातच गेले. म्हणून मी झालो तेव्हा मला उकंड्यावर, म्हणजे शुद्ध भाषेत उकिरड्यावर, नेऊन ठेवले. शेजारच्या कौशल्याबाईंनी उचलले आणि आईने त्यांना सूपभर ज्वारी देऊन मला विकत घेतले. म्हणजे यमाला वाटावे की हा टाकाऊ माल आहे, कशाला न्यायचा. यम फसला. आधार कार्ड फसले नाही. त्यावर उकंडा नारायण भोपळे असेच आहे.

वय २७. शिक्षण बारावी (इंग्रजी राहिले आहे). मराठीत शंभरपैकी ८१. वरवट बकालला एका ऑनलाइन सेंटरवर लोकांचे फॉर्म भरतो. आजवर वेलांटीची एकही चूक नाही.

काल सोनाळ्याला मुलगी पाहिली. समीक्षा. बी.ए. झाली आहे. मी बायोडाटा दिला तर तो तिने पूर्ण वाचला, मागची बाजूसुद्धा. मला पसंत. तिकडूनही होकारासारखेच आहे, असे जीवनमामा म्हणतात. स्थळ त्यांनीच आणले. बायोडाटात माझे नाव अविनाश असे आहे. हे खोटे नाही, आगाऊ आहे. नाव बदलायचेच आहे. रविवारी २३ तारखेला त्यांची मंडळी घर पाहायला येतील. तोपर्यंत गावात 'उकंडा' हा शब्द ऐकू येता कामा नये. वीस दिवस आहेत. भरपूर झाले.

४ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ८.

गाण्यासोबत स्टँडवर याच उंकडरावाचा फलकही लागल्याचे कळले. जाऊन पाहिला. पंचायतीने बुलढाण्याच्या कोणा जाहिरातवाल्याकडून करून घेतला आहे. सहा फूट उंच. वर लिहिले आहे, "यांना ओळखलं का?" मध्ये एका माणसाचे चित्र. ढेरी, मिश्या, तोंडात तंबाखूचा खर्रा, हातातली पिशवी रस्त्यावर रिकामी करतो आहे. खाली: "हाच तो उंकडराव! तुम्ही असे बनू नका. कचरा टाकल्यास, थुकल्यास दंड ५०० रुपये."

चित्राशी माझे काही साम्य नाही. माझे वजन ५४ किलो आहे.

फलकाजवळ चार माणसे बसली होती. कोणालाच नावाचा अर्थ लागला नाही. एक जण म्हणाला, उंकड म्हणजे कोन्या सिनेमातला असन. म्हणजे अजून गावाच्या लक्षात आलेले नाही. फक्त माझ्या आले आहे. हा आपला फायदा.

मात्र दोन गोष्टी खटकल्या. अनुस्वार चुकीच्या अक्षरावर आहे. आणि 'थुकल्यास' नव्हे, 'थुंकल्यास'. इकडे जास्तीचा, तिकडे कमी. सरकारी पैशाचे काम आहे, कोणी तपासतच नाही.

दिवसभर सेंटरवर मन लागले नाही. अनुस्वार डोळ्यांपुढे.

५ फेब्रुवारी, बुधवार. सायंकाळी ६.

२३ तारखेच्या तयारीला सुरुवात. किराणा आत्ताच भरला तर भाववाढीच्या आधी स्वस्तात पडेल, असा हिशेब. लक्ष्मीकांतशेठच्या दुकानात गेलो. त्यांच्या पाटीवर: साकर ४४, शेंगदाने १३०, गोळ ५५. मी खडू मागून पाटी दुरुस्त केली. साखर, शेंगदाणे, गूळ. शेठ म्हणाले, "वा बे, दुकानाची शाळा करून टाकली ना तू."

तेलाचे पाकीट १४२. त्यावर मोठ्या अक्षरात 'बचत पॅक', बारीक अक्षरात ८५० ग्रॅम. मागे ९१० होते. लोक फक्त मोठी अक्षरे वाचतात आणि सुखी राहतात. मी बारीक वाचतो.

आज फक्त पोहे आणि साखर घेतली. शेंगदाणे उद्या.

६ फेब्रुवारी, गुरुवार.

शेंगदाणे १३६. मी विचारले, काल तर १३० होते. शेठ म्हणाले, "काल अशुद्ध होते ना राज्या. शुद्ध मालाचा भाव जास्तच राह्यते." दुकानातले सगळे हसले. मी निषेध म्हणून एक किलोऐवजी अर्धाच घेतला. आई म्हणाली, एवढ्यात सात पाव्हन्याइच्या पोह्यात काय दाने मोजून टाकू का? अर्धा किलो परत जाऊन आणला. तोवर १३६ चे १३८ झाले नव्हते, हे एक बरे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार. दुपारी १२.

अर्ज तयार केला. चार वेळा लिहिला. तीन मागण्या:

१. फलकावरील व गाण्यातील नाव तात्काळ काढावे, कारण ते हयात व्यक्तीचे असून सभ्य माणसाला लाज वाटावी असे वापरले आहे.
२. वरील मागणीस बाधा न येता असेही निदर्शनास आणतो की, सदर शब्द 'उंकडराव' नसून 'उकंडराव' असा आहे. अनुस्वार क वर.
३. 'थुकल्यास' ऐवजी 'थुंकल्यास' करावे.

खाली खरे नाव घालून सही करावी लागली. अर्जावर टोपणनाव चालत नाही.

ग्रामसेविका अर्पिता मॅडमना प्रत्यक्ष दिला. त्या बुलढाण्याच्या आहेत, शांतपणे बोलतात. पूर्ण वाचून म्हणाल्या, "किती सुंदर अक्षर आहे हो तुमचं. दोन दिवसांत बघते." सरकारी माणसाने दोन दिवस म्हणणे म्हणजे महिना. पण त्यांच्या चेहऱ्यावर आदर होता. काम झाले असे समजतो.

रात्री झोप चांगली लागली. स्वप्नात समीक्षा होती. तिने मला अविनाश म्हटले. मी मागे वळून पाहिले, कोण आहे म्हणून.

१० फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ६.५५.

पंचायत इतकी तत्पर असेल असे वाटले नव्हते.

घंटागाडी आली. गाणे दुरुस्त झाले आहे. गायकाने या वेळी अनुस्वार बरोबर क वर घेतला आहे. उकंडराव, उकंडराव, घाण केलं सारं गाव. अगदी स्पष्ट. तीन गल्ल्या पलीकडे ऐकू जाईल असे.

आई गोठ्यातून धावत आली. म्हणाली, काऊन रे, तुयावर गानं लिहिलं काय?

त्याच दिवशी. सकाळी ९.

मॅडमचे लेखी उत्तर आले. मागणी क्र. २ व ३ मान्य. मागणी क्र. १ बाबत, जाहिरातीचे काम पूर्ण झाले असल्याने आता बदल शक्य नाही.

त्याच दिवशी. सायंकाळी.

नवा फलक लागला. 'उकंडराव' शुद्ध. 'थुंकल्यास' शुद्ध. आणि सर्वांत खाली, एका ओळीत: "शुद्धलेखन साहाय्य: श्री. उकंडा नारायण भोपळे."

मॅडमना वाटले, मला आनंद होईल. 'साहाय्य' हा शब्द त्यांनी बरोबर लिहिला आहे. बहुतेक लोक 'सहाय्य' लिहितात. पण या वेळी आनंद झाला नाही.

शेठनी दुकानातून ओरडून सांगितले, "आमाले तं वाटलं उंकड म्हन्जे उंट-बिंट असन. तुया अर्जानं समजलं का हा तं आपलाच उकंड्या!"

११ फेब्रुवारी, मंगळवार.

मी हातातला रुमाल झटकला तर तीन जण एकदम म्हणाले, पाचशे रुपये!

निश्चय: गावात कोणाशी बोलायचे नाही. फक्त कामापुरते.

१२ फेब्रुवारी, बुधवार.

नाव बदलण्याचे काम हाती घेतले. वकिलाकडे जाऊन प्रतिज्ञापत्र केले. ७०० रुपये. राजपत्राचा अर्ज मी स्वतःच सेंटरवरून भरला. लोकांचे भरतो तेव्हा पंधरा मिनिटे लागतात. माझा भरायला दोन तास लागले. 'नाव बदलण्याचे कारण' या रकान्यात आधी 'सामाजिक' लिहिले, मग 'वैयक्तिक', मग 'विवाह'. शेवटी 'इतर' निवडले.

राजपत्रात यायला पंधरा दिवस ते महिना लागतो. म्हणजे २३ पर्यंत येईल. न आल्यास २४ ला येईल, तरी चालेल.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार. सायंकाळी ७.

आईची तालीम घेतली. रोज दहा मिनिटे. मी पाहुणा होतो, तिने मला हाक मारायची. पहिल्यांदा म्हणाली, उकंड्या. दुसऱ्यांदा म्हणाली, अवी... अवीनास. मी सांगितले, श शहामृगातला. ती म्हणाली, शहामुर्ग म्या पाह्यला नाही.

मग सूप बाजूला ठेवून म्हणाली, "बाप्पा, दोन लेकरं देल्ली म्या मातीले. त्याइची नावं चांगली होती, जगदीश अन् महेश. तुहं नाव नाही ते, तुहं कुलूप हाय. काढलं तं काय होईन, कोनाले मालूम?"

मी म्हणालो, आता लसी निघाल्या आहेत. ती पुन्हा सूप घेऊन बसली. पोह्यातला कोंडा पाखडत राहिली.

गुण: दहापैकी चार. नऊ दिवस आहेत, सुधारेल.

१५ फेब्रुवारी, शनिवार.

शेठकडे राहिलेला किराणा. तूरडाळ १३२. मी म्हणालो, टीव्हीवर तर उतरली म्हणतात. शेठ म्हणाले, "टीव्हीवरची डाळ टीव्हीवरूनच घे ना बे." चहापत्तीचे पाकीट तेवढेच दिसते, आत पंधरा ग्रॅम कमी. बिस्किटे पुड्यात नऊ होती, आता आठ. खोबरे पाहिले आणि पुन्हा ठेवले. शिऱ्याला रवा, वेलची. सगळे मिळून उधारीत. शेठ वहीत 'उकंड्या' लिहीत होते. मी म्हणालो, अविनाश लिहा. शेठ म्हणाले, "त्या नावाची उधारी मी देत नाही. त्याले ओळखत नाही."

प्लास्टिकची पिशवी बंद झाली आहे, पंचायतीचा नियम. कापडी पिशवी दहा रुपये. पैसे देऊन झाल्यावर पाहिली. दोन्ही बाजूंना छापील: "मी उकंडराव नाही!"

एका पिशवीत मावले नाही. दुसरीही घ्यावी लागली. दोन्ही हातांत दोन पिशव्या धरून स्टँडवरून घरी आलो. वाटेत लोक वाचत होते आणि मान डोलवत होते. कोणीतरी म्हणाले, हा लेकाचा लिहूनच फिरून राह्यला आता.

निश्चय: पुढच्या वेळी पिशवी उलटी करून वापरणे. शिवण दिसेल, पण दिसू दे.

१७ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.१५.

उपाय सापडला. घंटागाडी येत असताना सापडला, म्हणून गाणे नीट ऐकू आले नाही.

फलक काढता येत नाही. पण झाकता येतो. आपल्या गावात वाढदिवसाच्या फ्लेक्सला कोणी हात लावत नाही. १९ ला शिवजयंती आहे, त्या दिवशी चारी बाजूंना फलकच फलक असतात. त्यात एक आपला. "अविनाशभाऊ यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा." माझा वाढदिवस जूनमध्ये असतो, पण शुभेच्छा केव्हाही चांगल्याच. झाकण्याचे काम होईल आणि गावाला नवीन नावाची सवयही होईल. एका दगडात दोन पक्षी.

फ्लेक्सवाल्याने विचारले, गॉगल लावू का? मी म्हणालो, लावा. सहा फुटी फ्लेक्सचे ९६० म्हणाला. ते जास्त वाटले. तीन फुटी घेतला, ४८० रुपये. बचत झाली.

१९ फेब्रुवारी, बुधवार. पहाटे ५.४०.

शिडी नेऊन फ्लेक्स लावला. अंधार होता. खालून नीट दिसले नाही, पण चारही कोपऱ्यांना तार घट्ट आहे. उकंडरावाचे चित्र पूर्णपणे झाकले गेले, एवढे हाताला लागले. आल्यावर दोन कप चहा घेतला. कित्येक दिवसांनी मोकळे वाटले.

त्याच दिवशी. सकाळी १०.२०.

गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शेठनी फोटो टाकला आहे. मी मोठा करून पाहिला. पुन्हा पाहिला.

तीन फुटांत चित्र झाकले जाते, पण वरची आणि खालची अक्षरे उघडी राहतात. त्यामुळे फलक आता असा वाचला जातो:

यांना ओळखलं का?
(गॉगलमध्ये मी) अविनाशभाऊ यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा
हाच तो उकंडराव! तुम्ही असे बनू नका.

आणि खाली शुद्धलेखन साहाय्य, पूर्ण नावासह.

ग्रुपवर १४७ प्रतिक्रिया. बहुतेकांनी हसण्याची खूण पाठवली आहे. एका गृहस्थाने मनापासून वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या आहेत. त्यांना धन्यवाद लिहिले.

२० फेब्रुवारी, गुरुवार.

विनापरवानगी फलक लावल्याबद्दल दंड ५००. अर्पिता मॅडमना वाईट वाटत होते. म्हणाल्या, "नियम आहे हो, मी काय करू? तुमच्यासारख्या माणसानं असं करावं?" पैसे नव्हते. जीवनमामांना फोन केला. ते येऊन भरून गेले. मॅडमसमोर एवढेच म्हणाले, "भाच्या, तुले एक साधं नाव नाही सांभाळता येत, बायको काय सांभाळशीन?" मॅडम खिडकीबाहेर पाहत होत्या.

पावतीवर लिहिले आहे, "गाव विद्रुप केल्याबद्दल." विद्रूपमधला रू दीर्घ असतो. मी कोणालाही काही सांगितले नाही.

पंचायतीने माझा फ्लेक्स काढून नेला. मूळचा तसाच आहे. ढेरी परत दिसते.

२२ फेब्रुवारी, शनिवार. सायंकाळी.

नवीन योजना. ही साधी आहे, म्हणून चुकणार नाही. सोनाळ्याची मंडळी गाडी करून येणार. मामांकरवी निरोप दिला आहे की स्टँडकडच्या रस्त्याचे काम चालू आहे, नाल्याकडून यावे. रस्त्याचे काम चालू नाही. पण गेल्या वर्षी होते.

कटिंग, दाढी १२०. मागे १०० होते. विचारले तर म्हणाला, ब्लेड महागले.

आईची शेवटची तालीम. तिने मला दोनदा अविनाश म्हटले. श जवळजवळ बरोबर. पण म्हणताना माझ्याकडे पाहत नाही, भिंतीकडे पाहते. पाहुण्यांना ते लाजणे वाटेल. गुण आठ.

शेजारच्या सगळ्या घरांना जाऊन हात जोडून सांगितले. कौशल्याबाई म्हणाल्या, "उकंड्यावरून मीच तुले उचललं, अन् आता मले सांगून राह्यला काय म्हनू अन् काय नोको म्हनू?" पण शेवटी बरं म्हणाल्या.

उद्या सगळे नीट होईल. समीक्षाने मागची बाजूसुद्धा वाचली होती. अशी मुलगी पुन्हा मिळणार नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार. सायंकाळी ५.३०.

पाहुणे गेले. सविस्तर लिहितो.

मी साडेदहापासून नाल्याच्या पुलावर उभा होतो. गाडी आली नाही. सव्वाअकराला घरून फोन आला की मंडळी येऊन बसली आहेत. स्टँडकडूनच आली. मुलीच्या आजोबांना तंबाखू घ्यायची होती.

पळत आलो. बैठकीत मुलीचे आईवडील, काका, आत्या आणि हे आजोबा. ऐंशीच्या पुढचे, धोतर, टोपी, डोळे मात्र तरतरीत. मी पाया पडलो तर मला धरून हसायला लागले. म्हणाले, "पोराहो, काय मान देल्ला बे मले तुमच्या गावानं! स्टँडवर एवढा मोठा फोटो! मिशाही माह्यासारख्याच काढल्या."

मला काही उमजेना. मुलीचे वडील म्हणाले, "आमच्या आबाचं नाव उकंडराव हाय."

ही माहिती मला कोणीही दिली नव्हती. मामांकडे पाहिले. मामा पाण्याचा तांब्या शोधत होते.

पोहे झाले. आबांनी दोनदा घेतले. दाणे भरपूर आहेत म्हणाले. मी म्हणालो, १३६ चे आहेत. आबा म्हणाले, आमच्या सोनाळ्यात १३२ ले. मुलीची आत्या स्वयंपाकघर पाहून आली, न्हाणीघर पाहून आली. सगळे व्यवस्थित चालले होते. आईने एकदाही चूक केली नाही, कारण ती बोललीच नाही.

मग आबांनी विचारले. अगदी सहज. बशीत चहा ओतत. "काहो अविनाशराव, या तुमच्या गावात माह्या नावाचं कोनी हाय का? का मीच एकटा उरलो?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. आई शिऱ्याच्या ताटल्या घेऊन दारात आली होती. आबांच्या डोळ्यांत थोडे हसू होते, ते कशाचे ते मला कळले नाही.

मी म्हणालो, नाही. आमच्याकडे कोणाचे तसे नाव नाही. जुन्या लोकांची अंधश्रद्धा होती ती.

आबा म्हणाले, "हाव. आता कोन ठेवते." आणि चहा प्यायले.

आई आत गेली. शिरा मामांनी वाढला. आई पुन्हा बाहेर आली नाही. तिचे डोके दुखत असावे.

पाहुणे दोन वाजता निघाले. जेवणे झाली नाहीत. मुलीच्या वडिलांना काही काम आठवले. पण आबांनी जाताना माझ्या पाठीवरून हात फिरवला. बराच वेळ फिरवला. हे चांगले लक्षण आहे.

एकंदर कार्यक्रम यशस्वी. माझे नाव एकदाही निघाले नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार.

वरण आणि वांग्याची भाजी दोन दिवस पुरेल. तेवढी बचत.

आईने जेवायला हाक मारली. "अविनाश, जेवून घे." श बरोबर होता. दहापैकी दहा. जेवण गेले नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार.

सोनाळ्याहून निरोप नाही. चर्चा करत असतील. तारीख वगैरे काढायला वेळ लागतोच.

सेंटरवर एका बाईच्या फॉर्मवर मुलाचे नाव 'आवीनाश' असे लिहून झाले. तिनेच दाखवले, भाऊ, माह्या पोराचं नाव दगडू हाय. तीन वर्षांत पहिली चूक.

२६ फेब्रुवारी, बुधवार. महाशिवरात्र.

साबुदाणा ८० झाला. आठवड्यापूर्वी ६५ होता. उपवासाचा भाव वेगळा असतो, शेठ म्हणाले, देवालेही द्या लागते. उपवास धरला. संकल्प: होकार आला तर प्रत्येक सोमवारी.

निरोप नाही. मामा फोन उचलत नाहीत. रेंज नसेल.

आई अजूनही अविनाश म्हणते. मी काल म्हणालो, घरात चालेल ग, घरात म्हण तुझ्या पद्धतीने. तिने न ऐकल्यासारखे केले. घंटागाडीचे गाणे आले की दार लावून घेते. ते नाव आता आमच्या गल्लीत फक्त गाडीच घेते.

२७ फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी ११.

मामा आले. उंबऱ्यातच बसले, आत येईनात. सोनाळ्याहून नकार आहे.

मी म्हणालो, मला वाटलेच. त्या फलकावरून त्यांना कळले. पंचायतीवर नुकसानभरपाईचा दावा लावतो. मसुदा मनात तयार होता.

मामा म्हणाले, "फलकावरून नाही बे. त्याइले पह्यल्या दिवसापासून मालूम होतं. सोनाळा काय लंडन हाय का? तुया बायोडाटा भेटला त्याच रोजी त्याइनं चार ठिकाणी विचारलं. अविनाश नाही, उकंडा हाय, हे समजलं. तरी आले ना पाहाले."

मग का आले, मी विचारले.

मामांनी बराच वेळ सुपारी चघळली. मग सांगितले. पोरीला नाव आवडले होते. ती आबांच्या मांडीवर वाढली. घरात म्हणाली होती, माह्या आबाचंच नाव हाय, शुभ हाय. बायोडाटात खोटे लिहिले आहे तर लाजत असेल, समोर बसला की सांगेल. आबा त्यासाठीच आले होते. तुला सांगायला सोपे जावे म्हणून त्यांनीच विचारले.

आणि तू काय म्हणालास, मामा म्हणाले.

मी काय म्हणालो ते मला आठवते. लिहिलेले आहे.

समीक्षा काय म्हणाली तेही मामांनी सांगितले. मी जसेच्या तसे लिहून घेतो. "मायच्या समोर, माह्या आबाच्या समोर, सोताच्या नावाले नाही म्हनला. उद्या चार लोकाइसमोर मले नाही म्हनल."

'सोताच्या' नव्हे, 'स्वतःच्या'. विसर्गासह.

आई चुलीपाशी होती. तिने सगळे ऐकले. मामांना चहा दिला, मला दिला. कप ठेवताना तिच्या तोंडून निघाले, घे रे. पुढे नाव नव्हते. कोणतेच.

त्याच दिवशी. सायंकाळी.

खर्च:
किराणा, लक्ष्मीकांतशेठ (सर्व उधार): २,३४०
कापडी पिशव्या, दोन: २०
प्रतिज्ञापत्र व वकील: ७००
अर्जाच्या झेरॉक्स: ३२
फ्लेक्स, तीन फुटी: ४८०
दंड: ५००
कटिंग, दाढी: १२०
एकूण: ४,१९२

देणे:
लक्ष्मीकांतशेठ: २,३४०
जीवनमामा (दंडाचे): ५००
उकंडराव आबा, सोनाळा. निघताना त्यांनी हातावर १०१ ठेवले होते. पैकी ३४ खर्च झाले (शेंगदाणे, पाव किलो). मामा म्हणतात पूर्ण परत पाठव: १०१
एकूण: २,९४१

मनीऑर्डरचा फॉर्म आणला आहे. रक्कम लिहिली. घेणाऱ्याचे नाव लिहिले, शुद्ध. पाठवणाऱ्याचे राहिले आहे.